लिनक्स टाकायचे ठरले, पण कोणते आणि किती जागेत?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे मोफत अपडेट थांबवले. त्या दिवशी कुणाचाही लॅपटॉप बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी तो रोजच्यासारखा सुरू झाला, म्हणून पुष्कळांच्या हे गावीही नाही. पण त्यात नव्या त्रुटी सापडत राहणार आणि त्या बुजवायला कुणी येणार नाही. ज्या लॅपटॉपवरून आपण बँकेचे खाते उघडतो, त्याच्या बाबतीत हे फार दिवस चालवून घेण्यासारखे नाही. नोंदणी करणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत वाढवून दिली, तेवढाच दिलासा.

मग विंडोज ११ टाकावे म्हटले, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. कंपन्यांतून निघालेले जे थिंकपॅड आणि लॅटिट्यूड सेकंड हँड बाजारात येतात, त्यांतले कितीतरी चौथ्या ते सातव्या पिढीतले असतात. यंत्र ठणठणीत, कीबोर्ड आजच्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा बरा, रॅम आठ जीबी, तरी विंडोज ११ त्यांना दारातच अडवते. नगर जिल्ह्यात असे लॅपटॉप वापरणारा वर्ग मोठा आहे, कारण इथे कॉलेजेही भरपूर आहेत. लोणी, संगमनेर आणि कोपरगावची इंजिनिअरिंग कॉलेजे तिन्ही १९८३ सालची, वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडून दिले त्या लाटेतली. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिकडे अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि पुढे १९९१ च्या ऑगस्टमध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने आपण एक कर्नल लिहीत असल्याचे जाहीर केले. या दोन्ही कामांच्या जोडणीतून आज आपण ज्याला लिनक्स म्हणतो ते उभे राहिले. ते फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते, आणि पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांना प्रॅक्टिकललाही लागते.

तेव्हा प्रश्न येतो तो ठरलेला: ‘कुठलं लिनक्स चांगलं?’ माझ्या मते हा पहिला प्रश्नच नव्हे. आपण लॅपटॉपवर नेमके काय करतो, ते आधी कागदावर लिहून काढावे. त्या यादीत टॅली असेल तर विंडोज लागणार, कारण टॅली विंडोजसाठीच बनते. श्रीलिपीवर पत्रिका आणि फ्लेक्स करणारे डीटीपीवाले असतील तर त्यांनाही विंडोज हवेच. सरकारी टायपिंग परीक्षेचा सराव विंडोजवरच्या सॉफ्टवेअरवर होतो. निविदा भरणाऱ्यांच्या डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचे लिनक्स ड्रायव्हर काही कंपन्या देतात, पण शेवटच्या तारखेला संध्याकाळी पाच वाजता त्यांच्यावर भरवसा टाकू नये. याउलट सातबारा काढणे, महाडीबीटीवर अर्ज भरणे, बँक, ईमेल, यूट्यूब ही सगळी कामे ब्राउझरमध्ये होतात, आणि फायरफॉक्स किंवा क्रोम दोन्हीकडे सारखेच चालतात. सी, पायथन, पोस्टग्रेएसक्यूएल शिकणाऱ्याला तर लिनक्सच सोयीचे.

यादीत विंडोजला बांधलेले एकही काम नसेल तर विंडोज काढून टाकावे आणि निवांत व्हावे. असेल, तर एकाच डिस्कवर दोन्ही ठेवावी लागतील, आणि जागेचा खरा घोळ तिथे सुरू होतो. फक्त प्रॅक्टिकलपुरते लिनक्स हवे असेल आणि रॅम आठ जीबी असेल, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये पंचवीस-तीस जीबीची आभासी डिस्क करून काम भागते. पार्टिशनला हातच लावावा लागत नाही. मात्र ती आभासी डिस्क वापराबरोबर फुगत जाते आणि आतल्या फाइली पुसल्या तरी आपणहून आकसत नाही.

आता आवृत्ती. नुसता कर्नल घेऊन कुणी काही करू शकत नाही. त्याच्यावर खिडक्या, मेनू, ब्राउझर, ऑफिस वगैरे चढवून जो तयार संच मिळतो त्याला डिस्ट्रो म्हणतात, आणि असे संच शेकड्यांनी आहेत. नवख्याने त्यांच्या तुलना वाचत बसू नये. त्यातून ज्ञान कमी मिळते आणि संभ्रम जास्त. मी विचारणाऱ्याला लिनक्स मिंट सुचवतो. ते उबंटूच्या पायावर उभे आहे, २००६ पासून चालू आहे, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू असल्यामुळे विंडोजवरून आलेला माणूस बावरत नाही, आणि अडले तर तोच प्रश्न आधी कुणीतरी विचारून ठेवलेला असतो. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राची बॉस ही सरकारी डिस्ट्रो आहे, तिच्यामागचा हेतूही चांगला आहे; पण रात्री अकरा वाजता वायफाय गेले तर उत्तर तिथे सापडते जिथे वापरणारे जास्त असतात.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात एक साथ येते, ती काली लिनक्सची. काळा पडदा, हिरवी अक्षरे, हॅकर होण्याची हौस. काली हे सुरक्षा तपासणाऱ्या व्यावसायिकांचे हत्यार आहे, आणि ज्यांना लिनक्सची ओळख नाही त्यांनी ते वापरू नये असे ते बनवणारेच सांगतात. तसेच आर्चचे. शिकायला उत्तम, पण परीक्षेच्या आठवड्यात नको.

आकड्यांचा अर्थ मात्र समजून घ्यावा. उबंटू २४.०४ म्हणजे २०२४ च्या एप्रिलमध्ये आलेली आवृत्ती. सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येणाऱ्या आवृत्तीला एलटीएस म्हणतात आणि तिला पाच वर्षे सुरक्षेचे अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांचे आयुष्य नऊ महिने. मिंटची २२ ही मालिका २४.०४ वर बेतलेली असल्याने तीही २०२९ पर्यंत चालेल. फेडोरा चांगली आहे, पण तिची प्रत्येक आवृत्ती तेरा महिन्यांच्या आसपास सांभाळली जाते, म्हणजे दरवर्षी एकदा मोठा बदल आलाच. ज्याला लॅपटॉप हे साधन म्हणून हवे आहे त्याने एलटीएस सोडून दुसरीकडे पाहू नये.

मिंटमध्येही सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई अशी तीन रूपे मिळतात. आठ जीबी रॅम असेल तर सिनॅमन, चार असेल तर एक्सएफसीई. एवढ्यावर विषय संपतो. कागदावर मिंटला दोन जीबी रॅम पुरते, पण तो हिशेब ब्राउझर उघडण्याआधीचा. चार-पाच टॅब उघडले की रॅम ब्राउझरच खातो आणि तिथे कुठलीही डिस्ट्रो मदतीला येत नाही. चारच जीबी रॅम आणि फिरणारी जुनी हार्ड डिस्क अशी जोडी असेल, तर डिस्ट्रो निवडण्याआधी एसएसडी टाकून घ्यावी. तिने जो फरक पडतो तो कुठल्याही हलक्या डिस्ट्रोने पडणार नाही.

शाळेच्या कपाटात किंवा पतसंस्थेच्या माळ्यावर पडलेल्या डेस्कटॉपचे काय, असेही कुणी विचारतो. तिथे पाहायची गोष्ट एकच: प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा. उबंटूने डेस्कटॉपची ३२ बिट आवृत्ती २०१७ मध्येच बंद केली, मिंटची उबंटूवर बेतलेली शेवटची ३२ बिट आवृत्ती १९.३, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही अशा यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली. पण फसू नका. पुष्कळ जुन्या मशीनवर रॅम कमी म्हणून ३२ बिटचे विंडोज टाकलेले असते, आतला कोअर टू ड्युओ प्रोसेसर मात्र ६४ बिटचा असतो. विंडोज काय म्हणते ते पाहू नये, प्रोसेसरचा मॉडेल नंबर पाहावा.

मग डाउनलोड. शहरात फायबर असणाऱ्याला यात काही वाटणार नाही, पण पाथर्डी किंवा अकोले तालुक्यातल्या डोंगरकडेच्या गावात मोबाइलचा रोजचा दीड जीबी डेटा हीच मर्यादा असते. मिंट सिनॅमनची आयएसओ फाइल तीन जीबीच्या आतबाहेर भरते, उबंटू २४.०४ ची सहा जीबीच्या घरात जाते. म्हणजे मिंट दोन-तीन दिवसांचे आणि उबंटू चार दिवसांचे काम. ब्राउझरमधून उतरवताना मध्येच रेंज गेली की पुष्कळदा पहिल्यापासून सुरुवात होते. मिंटच्या आणि उबंटूच्याही साइटवर अधिकृत टोरंट असते, ते घ्यावे. टोरंट आज रात्री थांबले तर उद्या तिथूनच पुढे चालू होते, आणि उतरलेला प्रत्येक तुकडा तपासून घेते. त्यामुळे अर्धवट फाइलमुळे मध्येच अडकलेला इन्स्टॉलर बघण्याची वेळ येत नाही. वायफाय ओळखले गेले नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावे. लिनक्सला ते वायरचे नेटवर्क वाटते आणि ड्रायव्हर न शोधता चालते. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्या अपडेटला पुन्हा काहीशे एमबी ते एखादा जीबी डेटा लागेल, तोही हिशेबात धरावा.

आयएसओ रुफस किंवा व्हेंटॉय वापरून पेनड्राइव्हवर चढवली की इन्स्टॉल न करताच लिनक्स सुरू होते. यालाच लाइव्ह म्हणतात. इथे घाई करू नये. वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणे, कॅमेरा, झाकण मिटल्यावर झोपणे आणि उघडल्यावर उठणे, सगळे तपासावे. डिस्कवर अजून एक अक्षरही लिहिले गेलेले नसते, त्यामुळे नापसंत पडले तर पेनड्राइव्ह काढला की झाले.

आता जागा. पहिला धक्का आकड्यांचाच असतो. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते, २५६ ची २३८ आणि १२८ ची ११९. कुणी चोरलेली नसते. कारखाना एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, आणि विंडोज १०२४ चा तीनदा गुणाकार करून येणारा आकडा धरते. आपण नेहमी लहान आकडा धरून हिशेब करावा.

हिशेबाची पद्धत नगरच्या माणसाला नव्याने शिकवायला नको. हिवरे बाजारात दरवर्षी पाऊस किती झाला आणि विहिरींत पाणी किती आहे याचा ताळेबंद गावापुढे मांडतात, माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढतात, आणि उरलेल्यावर रब्बीला काय पेरायचे ते ठरते. डिस्कचेही तसेच: ज्याच्यावाचून चालणार नाही ते आधी वजा करायचे, हौस नंतर. उलट्या बाजूने सुरुवात केली, म्हणजे ‘लिनक्सला निम्मी जागा देऊ’ असे ठरवून बसलो, की दोन महिन्यांत कुठलीतरी एक बाजू कोरडी पडते.

२५६ जीबीच्या एसएसडीचे उदाहरण घेऊ, कारण सेकंड हँड लॅपटॉपमध्ये ती सर्रास असते. हातात आहेत २३८. समजा विंडोज, टॅली आणि फाइली मिळून सी ड्राइव्हवर ९५ जीबी भरलेले आहे. विंडोजला अपडेटसाठी मोकळी जागा लागते, ती पस्तीस-चाळीस जीबी ठेवावी. म्हणजे विंडोजकडे १३५. निर्मात्याने ठेवलेली रिकव्हरी आणि ईएफआय अशी बारकी पार्टिशन वजा केली तर लिनक्ससाठी शंभरच्या आसपास उरतात. मिंटची किमान अट २० जीबी आणि आरामात चालायला १०० अशी आहे, तेव्हा हे चांगलेच जमले. या शंभराचे आणखी तुकडे पाडू नयेत. रूट, म्हणजे जिथे सगळी प्रणाली बसते ते पार्टिशन, आणि होम, म्हणजे आपल्या फाइलींचे घर, वेगळे ठेवा असा सल्ला जुन्या पुस्तकांत मिळतो. त्याचा फायदा असा की प्रणाली नव्याने टाकली तरी होम शाबूत राहते. पण शंभर जीबीत ३० आणि ७० असे भाग केले आणि रूट भरले, तर होममध्ये पन्नास जीबी मोकळे असूनही ते रूटच्या कामाला येत नाहीत. नवख्याला हा अंदाज आधी येत नसतो. म्हणून लहान डिस्कवर एकच पार्टिशन ठेवावे आणि फाइलींचा बॅकअप बाहेर घ्यावा.

५०० जीबीची डिस्क असेल तर मोकळेपणाने तीन वाटे करावेत: विंडोजला दीडशे, लिनक्सला ऐंशी, आणि उरलेले सव्वादोनशे-अडीचशे एनटीएफएसमध्ये फोटो, सिनेमे आणि नोट्ससाठी. लिनक्स एनटीएफएस वाचते आणि लिहिते, विंडोजला मात्र लिनक्सचे एक्स्ट४ पार्टिशन आपणहून वाचता येत नाही. म्हणून दोघांना लागणाऱ्या फाइली त्या तिसऱ्या वाट्यात. १२८ च्या एसएसडीवर दोन्ही ठेवण्याच्या भानगडीत पडू नये. ११९ मध्ये विंडोज ११ ची किमान अटच ६४ ची आहे, आणि तेवढ्यात ते धड हालचालही करू शकत नाही. तिथे एकच काहीतरी ठेवावे, किंवा लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून कॅडीत दुसरी डिस्क बसवावी. जुनी हार्ड डिस्क कॅडीत आणि एसएसडी मुख्य जागी; उलटे करू नये.

स्वॅपबद्दल, म्हणजे रॅम कमी पडली की डिस्कवर वापरल्या जाणाऱ्या जागेबद्दल, उगाच घाबरवले जाते. पूर्वी रॅमच्या दुप्पट स्वॅप पार्टिशन करायला सांगत. आता उबंटू आणि मिंट रूटमध्येच स्वॅप फाइल करतात, वेगळे पार्टिशन लागत नाही. हायबरनेट वापरायचे असेल तरच रॅमएवढे स्वॅप हवे. ते न वापरणारे बहुसंख्य आहेत, त्यांनी हा विषय सोडून द्यावा.

विंडोजकडून जागा सोडवून घेताना ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून घ्यावी. तिथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. सी ड्राइव्हमध्ये १४० जीबी मोकळे असतात आणि विंडोज म्हणते, ६० च कमी करता येतील. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि एनटीएफएसची स्वतःची सूची अशा न हलणाऱ्या फाइली मध्येच कुठेतरी बसलेल्या असतात आणि त्यांच्या मागची सगळी जागा अडून राहते. हायबरनेट बंद करावे, पेजफाइल तात्पुरती काढावी, रीस्टार्ट करून पुन्हा पाहावे. बहुतेक वेळा आकडा वाढतो. त्याच बैठकीत फास्ट स्टार्टअपही बंद करावे, नाहीतर विंडोज खऱ्या अर्थाने बंद होतच नाही आणि लिनक्सला विंडोजची पार्टिशन फक्त वाचता येतात, त्यांत लिहिता येत नाही. डिस्कला कुलूप घालणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवावी. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला तरी चालेल. त्याच लॅपटॉपमध्ये ठेवून मात्र काही उपयोग नाही.

आणि आता या लेखातले सगळ्यांत महत्त्वाचे. आपल्याकडे संगणक दुरुस्तीच्या दुकानात वर्षानुवर्षे एकच वाक्य ऐकू येते: ‘सी फॉरमॅट मारतो, डी ला हात लावत नाही.’ त्यामुळे लग्नाचे फोटो, बारावीच्या नोट्स, सोसायटीचे हिशेब सगळे डी ड्राइव्हवर, आणि ते तिथे सुरक्षित, असा पक्का समज झालेला आहे. लिनक्सच्या इन्स्टॉलरला सी आणि डी ही भाषाच कळत नाही. त्याला दिसते ती अख्खी डिस्क आणि तिच्यावरची क्रमांक दिलेली पार्टिशन. ‘डिस्क पुसून लिनक्स टाका’ हा पर्याय निवडला की सी, डी, ई, रिकव्हरी सगळे एकदम जाते. तो पर्याय यादीत ठळक दिसतो आणि सगळ्यांत सोपा वाटतो, म्हणून घात होतो. दोन्ही ठेवायचे असतील तर ‘विंडोजच्या शेजारी टाका’ हा पर्याय घ्यावा, किंवा स्वतः मोकळी केलेली जागा हाताने निवडावी. ईएफआयचे शंभर-दोनशे एमबीचे पार्टिशन आहे ते वापरायला द्यावे, पण त्याच्यापुढे फॉरमॅटची खूण करू नये, कारण विंडोज सुरू होण्याची वाटही तिथूनच जाते. डी वरच्या फाइली आधीच बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवलेल्या असाव्यात, हे सांगायला नकोच.

कधी कधी इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, नुसता पेनड्राइव्ह दिसतो. डिस्क मेलेली नसते. बायोसमध्ये साठवणीची पद्धत इंटेल आरएसटी किंवा रेड अशी ठेवलेली असते, ती एएचसीआय करावी लागते. पण नुसती बदलली तर विंडोज निळा पडदा दाखवते. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून मग बदल करावा लागतो. हे एकट्याने पहिल्यांदाच करण्यापेक्षा कुणीतरी सोबत घेतलेले बरे. पार्टिशन लहान-मोठे होत असताना लाइट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल, तर फाइली जाण्याचा धोका खरा आहे. एक्स्ट४ मधली जर्नलची सोय अचानक बंद पडण्यातून फाइल सिस्टिमचा सांगाडा वाचवते, पण अर्धवट सरकवलेले पार्टिशन तिच्या आवाक्याबाहेरचे. हे काम चांगली बॅटरी पूर्ण चार्ज असताना किंवा यूपीएसवर करावे.

इन्स्टॉल झाल्यावर मिंट जेमतेम दहा-पंधरा जीबी घेते, आणि माणूस म्हणतो, शंभर कशाला दिले? सहा महिन्यांनी पाहावे. एक्स्ट४ पार्टिशनची पाच टक्के जागा मुळातच प्रणालीसाठी राखीव असते, म्हणजे शंभरात पाच जीबी आपल्याला वापरताच येत नाहीत. टाइमशिफ्ट हे मिंटचे चांगले साधन आहे, बिघडलेली प्रणाली कालच्या स्थितीत आणते. पण त्याची पहिली प्रत प्रणालीएवढीच जागा घेते आणि पुढच्या प्रती बदललेल्या फाइलींपुरत्या वाढत जातात. दोन किंवा तीन प्रती ठेवाव्यात, दहा नकोत. फ्लॅटपॅकमधून एखादे छोटे अ‍ॅप घेतले तरी त्याच्याबरोबर येणारे रनटाइम जीबीभर जागा घेऊ शकते. लॉगच्या फाइली चार जीबीपर्यंत वाढू शकतात. अपडेटबरोबर अधूनमधून नवा कर्नल येतो आणि जुने तसेच बसून राहतात; मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये जुने कर्नल आपोआप काढण्याची खूण आहे, ती पहिल्याच दिवशी करून टाकावी.

रूट पूर्ण भरले की जे होते ते नवख्याला हमखास चकवते. पासवर्ड टाकला, पडदा क्षणभर काळा झाला, आणि पुन्हा पासवर्डचीच खिडकी. पासवर्ड चुकला असे कुठे म्हणत नाही, आतही सोडत नाही. माणूस दहा वेळा टाकतो, मग लिनक्स बिघडले म्हणून सगळे फॉरमॅट मारतो. प्रत्यक्षात लॉगिन करताना प्रणालीला एक लहानशी फाइल लिहायची असते आणि तेवढीही जागा उरलेली नसते. लाइव्ह पेनड्राइव्ह लावून डाउनलोडमधले दोन सिनेमे पुसले की पुष्कळदा लॅपटॉप पूर्ववत सुरू होतो.

दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्यांना आणखी एक विनोदी प्रकार भेटतो: लिनक्समधून विंडोजमध्ये गेले की घड्याळ कधी कधी साडेपाच तास मागे दिसते. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितले की एका ओळीच्या आदेशात मिटते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात उबंटू आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतूनही आहेत; आदेश लिहिण्याची भीती मोडायला ते चांगले.

मराठीसाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. इनस्क्रिप्टचा मराठी कीबोर्ड सेटिंगमध्ये तयार असतो, आणि आयबससोबत एम१७एन घेतले की फोनेटिक आणि गमभन या पद्धतीही मिळतात. अक्षरे दिसायला नोटो आहे, आणि रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षे सांभाळलेला लोहित आहे. मंगल हा फाँट मायक्रोसॉफ्टचा असल्याने तो लिनक्सबरोबर येत नाही. त्यामुळे कार्यालयातून आलेली मंगलमधली वर्डची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली की मजकूर तोच राहतो, पण पाने इकडेतिकडे सरकतात. छापायला किंवा पाठवायला पीडीएफ करावी.

अडचण आहे ती जुन्या फाइलींची. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या काळात टाइप केलेले ठराव, प्रश्नपत्रिका, पतसंस्थेच्या वार्षिक अहवालांची पुस्तके ही युनिकोड नाहीत. तो फाँट नसलेल्या मशीनवर ती उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. विंडोज काढायचा विचार असेल तर आधी या सगळ्या फाइली कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणाव्यात आणि एकेक पान डोळ्यांखालून घालावे, कारण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे यांच्यात कन्व्हर्टर हटकून चुकतो. आकड्यांकडे तर दोनदा पाहावे. एखाद्या संस्थेच्या वीस वर्षांच्या फाइली असतील तर या कामाला महिना-दोन महिने लागतील. तोवर विंडोजचे पार्टिशन आहे तिथे राहू द्यावे, फक्त त्याला नेटला जोडू नये.